आहेराची पेटी

आमच्या दारात रोज एक खोकं येतं. कधी थोरल्याचं, कधी धाकट्या सुनेचं, कधी नातवाचं. बेल वाजली की घरात दुसरं कोणी उठत नाही, मीच उठतो, खोकं घेतो आणि जिन्याखाली ठेवतो. आत काय आहे ते आता मी विचारत नाही. विचारलं की "बाबा, सेल होता" एवढंच उत्तर मिळतं. जी वस्तू कालपर्यंत कोणाला नको होती, ती आज स्वस्त झाली म्हणून हवीशी कशी होते, हे मला या जन्मात कळलेलं नाही. पुढच्या जन्मात कळेल असंही वाटत नाही.

पोरं म्हणतात, बाबा, तुम्ही जगलाच नाहीत. मी म्हणतो, तुम्ही जिथं उभे राहून हे बोलता, ती जमीन माझ्या न जगण्यातून आलेली आहे. लातुरात ही जागा मी घेतली तेव्हा इथं बाभळी होत्या, आणि रिक्षावाला निम्म्या वाटेत उतरवून द्यायचा. आज इथल्या एका खोलीत चार-चार पोरं राहून शिकवण्यांना जातात आणि त्यांचं भाडं घरात येतं. त्याच भाड्यातून खोकी येतात.

माझा हा स्वभाव दुष्काळानं केला. मोठ्या दुष्काळात मी विशीतही नव्हतो. निलंग्याच्या बाजूला आमचं गाव. आई, मी आणि अर्धं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होतो, आणि दुपारी सरकारी सुकडी खात होतो. पण खडीचं मला काही वाटलं नाही, हात आपोआप निबर होतात. माझ्या डोळ्यांपुढून गेली नाहीत ती आईची भांडी. सुगीच्या वर्षांत तिनं एकेक करून पितळेच्या घागरी, परात, तांब्याचा हंडा जमवला होता. चिंचेनं घासून उतरंडीला लावायची आणि आल्यागेल्याला दिसेल अशा बेतानं दार उघडं ठेवायची. ती सगळी भांडी निलंग्याच्या बाजारात मोडीच्या भावानं गेली. व्यापाऱ्यानं परात उलटी करून तिच्यावर बोट वाजवलं आणि म्हणाला, "हलकी हाय." घेताना जी जड होती ती विकताना हलकी कशी झाली, हे मी तिथं उभा राहून शिकलो. घरी येताना आई रडत होती आणि मी मनाशी ठरवत होतो, की वस्तू घ्यायची नाही. घ्यायची तर जमीन.

पुढं नांदेडला एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो. लग्न झालं. बायको भोकरजवळच्या एका खेड्यातली, एकुलत्या एका भावाची धाकटी बहीण. आई-बाप लहानपणीच गेलेले, भावानं आणि वहिनीनं वाढवलेली. तिचं माहेर म्हणजे ती दोन माणसं आणि त्यांची एक मुलगी, एवढंच. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात मी तिच्याकडून काय हिरावून घेतलं ते त्याशिवाय समजायचं नाही.

लातूर जिल्हा होणार अशी हवा उठली तेव्हा आमच्या कचेरीत लोक बढतीचा विचार करत होते. मी बाभळीचा विचार करत होतो. नवा जिल्हा म्हणजे नवं कलेक्टर ऑफिस, नवी कोर्टं, नवे साहेब, आणि त्या सगळ्यांना राहायला घरं लागणार. जिल्हा झाल्याबरोबर मी बदली मागून घेतली आणि सहा महिन्यांत गावाबाहेरचा एक तुकडा घेतला. माझ्याबरोबर बदलून आलेल्या एकानं त्याच दिवसांत टीव्ही घेतला. सगळी आळी त्याच्या घरी जमायची, आमची बायको-पोरंही जायची. मला हसू यायचं. तो टीव्ही कुठल्या भंगारात गेला ते त्यालाही सांगता येणार नाही.

माझा एक नियम होता. घरात कोणाला काही हवं असलं की ते कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवायचं. महिना उलटला की मी विचारायचो, हे अजून हवंय का. बहुतेक वेळा माणसाची हाव महिन्याभरात मरते, हे मी अनुभवानं सांगतो आणि आजही त्यावर ठाम आहे. बायकोला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून तिचं मी लिहायचो. मिक्सर. पायपुसणं. पावसाळी चप्पल. महिन्यानं विचारलं की ती म्हणायची, "काय की. ऱ्हाऊ द्या." माझा नियम कसा बरोबर आहे याचा तो मला पुरावा वाटायचा. मीही खूप सोडलं होतं. बाहेरचा चहा सोडला, पान सोडलं, सायकलवर वीस वर्षं काढली. पण मी सोडलं ते माझ्या मर्जीनं, आणि तिनं सोडलं तेही माझ्याच मर्जीनं. हा फरक मला सायकलवरून उतरल्यानंतर बऱ्याच वर्षांनी कळला.

आता पेटीचं सांगतो. आमच्याकडं आहेर ही एक न थांबणारी रहदारी आहे. लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, बाईला साडी आणि बाप्याला टॉवेल-टोपी. आलेलं कोणी वापरत नाही. ते पेटीत जातं आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या अंगावर पडतं. तोही वापरत नाही. एखादी साडी नांदेडातून निघून उदगीर, देगलूर फिरून घडी न मोडता परत नांदेडात येते. हा मूर्खपणा आहे, पण मी तो बंद करू शकत नव्हतो, म्हणून त्यात आपलं एक पैचंही नुकसान होणार नाही अशी व्यवस्था मी लावली. पत्र्याची एक पेटी केली. आलेल्या प्रत्येक कपड्याच्या घडीत चिठ्ठी घालायची: कोणाकडून आलं, कोणत्या कार्याला. देताना चिठ्ठी बघून द्यायचं, म्हणजे ज्याचं त्यालाच परत जायची नामुष्की नको. सगळेच हे करतात, पण अंदाजानं करतात आणि फसतात. माझ्याकडं कारकुनी शिस्त होती. मला साडीचा रंग कधी लक्षात राहिला नाही, चिठ्ठी लक्षात राहायची.

बाभळी तोडून दोन खोल्या बांधल्या आणि वास्तुशांत केली. मेहुणा आणि त्याची बायको भोकरहून तीन एसट्या बदलून आले. बहिणीच्या पहिल्या घराला माहेरची साडी म्हणून त्यांनी डाळिंबी रंगाची इरकल आणली होती. पदराला हिरव्या-पिवळ्या दोऱ्यांचे गोंडे होते, आणि ते भाचीनं, म्हणजे मेहुण्याच्या मुलीनं, स्वतः वळलेले होते. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. बायकोनं ती साडी त्या दिवशी पूजेला नेसली नाही, कारण पूजेच्या गडबडीत ती खराब होईल असं मीच म्हणालो. संध्याकाळी मी सगळ्या आहेरांना चिठ्ठ्या घातल्या आणि पेटी लावली. किल्ली दाराच्या मागच्या खिळ्याला असायची.

चार-पाच वर्षांनी भाचीचं लग्न ठरलं. बायको पोरांना घेऊन आठ दिवस आधी गेली. एकुलती आत्या म्हटल्यावर तिनं जायलाच हवं होतं. जाताना मला म्हणाली, "वैनीला चांगली साडी आना. नवी आना. येकदाच हाय." मी हो म्हणालो. मग पेटी उघडली. वरच एक साडी होती, रुंद काठाची, वजनदार, आणि घडीत चिठ्ठी होती आमच्या कचेरीतल्या एका साहेबांच्या नावाची. साहेबांचा भोकरशी काही संबंध नाही. याहून सोयीचं काय असणार, असं मला वाटलं. नवीच तर होती. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि लग्नाच्या दिवशी सकाळी पोचलो.

दुपारी मांडवात आहेर सुरू झाला. आमच्याकडं आहेर भोंग्यावर पुकारतात, कोणी काय दिलं ते गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जातं. माणूस ओरडला, "नवरीच्या आत्याकडून नवरीच्या आईला साडी." वहिनींनी कागद सोडला. साडी घसरली आणि पदर बाहेर पडला. हिरवे-पिवळे गोंडे शेजारी खुर्चीवर बसलेल्या नवरीच्या मांडीवर आले.

भाचीनं गोंडे हातात धरले आणि आत्याकडं बघितलं. मला तेव्हाही कळलं नव्हतं. मला कळलं ते बायकोचं तोंड बघून. वहिनी सावकाश म्हणाल्या, "का वो वन्सं, आमची साडी तुमच्या अंगाला येकदा बी लावू वाटली न्हाई का?" भोंगावाल्यानं आवाज बंद केला होता, त्यामुळं ते सगळ्यांना ऐकू आलं. मेहुणा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आत ठिव." बायको पंगतीला बसली नाही आणि तिला कोणी आग्रहही केला नाही.

परतीच्या एसटीत भोकर ते नांदेड ती खिडकीतून बघत होती. पोरं झोपली होती. नांदेड सोडल्यावर मी विचारलं, "चिठ्ठी बदलली कशी?" खरं सांगतो, त्या वेळी मला तिच्या अपमानापेक्षा माझी व्यवस्था कशी चुकली याचं जास्त लागलं होतं.

"मी नेसत होते," ती म्हणाली.

"कधी?"

"दुपारी. तुमी कचेरीत अन् लेकरं शाळंत गेली की. घडीभर नेसायची, सैपाकघरात बसायची, पुन्हा घडी घालून ठिवायची. येकदा चिठ्ठ्या खाली पडल्या. कोन्ती कुटली, मला काय वाचता येतंय."

"किती वेळा नेसलीस?"

"मोजलं न्हाई."

मी चिडलो. नेसायचीच होती तर सांगून नेसायची, चोरून कशाला, असं काहीतरी बोललो. सांगितलं असतं तर मी काय म्हणालो असतो हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "दादाला येक कारड टाका. म्हनावं, साडी पडून न्हवती. ती नेसत होती. चुकून आली."

"तूच सांग की, पंचमीला जाशील तेव्हा."

"मी कसं सांगू? नवऱ्याच्या भ्यानं चोरून नेसत होते म्हून सांगू? तुमचं काय ऱ्हाईल तिथं? तुमी लिवा. कसं बी लिवा, पर नेसत होती तेवढं लिवा."

मी म्हणालो, लिहितो. वर असंही म्हणालो, की वहिनींना नवी साडी घेऊन पाठवू. ती म्हणाली, "नगं." आणि ते ऐकून मला बरं वाटलं. एवढ्या सगळ्यात एक साडी वाचली म्हणून मला बरं वाटलं, हे मी आज कबूल करतो.

कार्ड मी लिहिलं नाही. दिवसभर मी कचेरीत तेच करत होतो, लोकांची पत्रं, साहेबांचे खुलासे, एका खात्याचं दुसऱ्या खात्याला उत्तर. टेबलाच्या खणात कोरी पोस्टकार्डं पडलेली असायची. दोनदा लिहायला घेतलं. "ती साडी नेसत होती" इथपर्यंत आलो आणि थांबलो. मेहुणा विचारणार, नेसत होती तर पेटीत कशी गेली? मग पेटीचं सांगावं लागणार, आणि पेटी कोणाची तेही. भोकरच्या त्या खेड्यात माझी टिंगल होईल, जावयाच्या भ्यानं आमची पोरगी चोरून साडी नेसते असं बाया पाण्यावर बोलतील. मी कार्ड फाडलं. बायकोनं महिन्यानं एकदा विचारलं, "टाकलं का?" मी म्हणालो, टाकतो. त्यानंतर तिनं विचारलं नाही. महिन्याभरात माणसाचं हवं-नको मरतं असा माझा नियमच होता.

त्या नागपंचमीला मेहुण्याचा निरोप आला, पाठवून द्या. बायको म्हणाली, लेकरांची शाळा हाय. पुढच्या वर्षी आला तेव्हा म्हणाली, नळाला पानी न्हाई, घर टाकून कशी येऊ. तिसऱ्या वर्षी निरोप आला नाही. पंचमीच्या दिवशी आळीतल्या सगळ्या सुना माहेरी गेलेल्या असायच्या आणि आमच्या घरात ती एकटीच पाट्यावर पुरण वाटत असायची, कारण मिक्सर घेतला नव्हता. मला हे दिसत नव्हतं असं नाही. मी दुसऱ्या तुकड्याच्या मागं होतो, मग तिसऱ्याच्या. माझे सगळे अंदाज बरोबर निघत होते. जो माणूस बरोबर निघत असतो त्याला घरात काय चाललंय ते बघायची गरज वाटत नाही.

रिटायर झालो तेव्हा मला एकदम तिला काहीतरी द्यावंसं वाटलं. तिला गंजगोलाईतल्या मोठ्या कापड दुकानात नेलं, गादीवर बसवलं आणि म्हणालो, "घे. कोणतीही घे, किंमत बघू नको." दुकानदारानं तीसेक साड्या पुढ्यात पसरल्या. ती एकेकीला बोटानं शिवत होती आणि मागं सारत होती. शेवटी तिनं घरात नेसायच्या दोन सुती साड्या घेतल्या. मी म्हणालो, अगं, एखादी इरकल तरी घे. ती म्हणाली, "काय करायची. पेटीत ठिवायची." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात ती गेली. दोन दिवसांचा ताप आणि मग श्वास. तीन ठिकाणच्या जमिनीचा मी मालक, पण बोअर कोरडा होता आणि नळाला पाणी येऊन पंधरा दिवस झाले होते. टँकरचं पाणी ड्रममध्ये होतं. शेजारच्या बाया तिला आंघोळ घालत होत्या. मी दाराशी उभा होतो. एकीनं तिसरी घागर उचलली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पुरे की." बायांनी माझ्याकडं बघितलं. थोरल्यानं मला हाताला धरून बाहेर आणलं.

सवाष्ण गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं लागतं. धाकटा दुकान उघडायला लावून एक भारी साडी घेऊन आला होता. आळीतली एक म्हातारी म्हणाली, "ती असू द्या. माहेरचं कोन येतंय का बगा." पोरांना भोकरच्या मामाचा चेहराही नीट आठवत नव्हता, पण थोरल्यानं कुठून तरी नंबर मिळवून सकाळीच कळवलं होतं. ते येतील असं मला वाटत नव्हतं. ऊन चढत होतं, लोक घड्याळ बघत होते. मी म्हणालो, थांबू. माझ्याकडं खर्च करायला तेव्हा फक्त तेवढा वेळच होता.

दुपारी एक जीप आली. मेहुणा काठी टेकत उतरला, मागून वहिनी आणि भाची. भाचीचे केस कानांजवळ पांढरे झालेले. कोणी माझ्याशी बोललं नाही. वहिनींनी ओसरीत बसून कापडाचं एक बोचकं सोडलं आणि साडी बाहेर काढली. डाळिंबी रंग घडीच्या कडांवर विटला होता. गोंडे तसेच होते.

"तिचीच हाय," वहिनी जमलेल्या बायांना म्हणाल्या. "मी नेसले न्हाई, कुनाला आहेरात दिली न्हाई. तिनं अंगाला लावली नव्हती, मंग मी कशी लावू. आता तरी नेसंल."

त्यांनी ती झटकून पूर्ण उलगडली. मग त्यांचा हात थांबला. कमरेला येतो त्या भागावर हळदीची चार बोटं उमटली होती, जुनी, धुऊन न गेलेली. स्वयंपाक करता करता बाई कमरेला हात पुसते तशी. काठ खाली घासून दबला होता. वहिनींनी डाग भाचीला दाखवला, भाचीनं बापाला. "ही तर नेसलेली हाय," वहिनी म्हणाल्या. "लई नेसलेली हाय. आमच्या घरात तर घडी मोडली न्हाई. ह्ये कुनी नेसली?"

उत्तर फक्त मला माहीत होतं.

"तीच," मी म्हणालो. "ती रोज नेसायची. मी कचेरीत गेल्यावर, चोरून. माझ्या भीतीनं. तुमच्याकडं ती मी आणली, चुकून. तिला माहीतही नव्हतं."

वहिनींनी साडी तोंडाला लावली. मेहुणा माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग असेल असं मला वाटलं होतं, पण त्याला फक्त समजून घ्यायचं होतं.

"मंग येवढी वर्सं कळवलं काहून न्हाई, दाजी?" तो म्हणाला. "येक कारड टाकायचं."

पोस्टकार्ड सरकारी होतं, खणातच पडलेलं होतं. त्याला मला एक पैसाही पडणार नव्हता.